जुन्या एमएक्स-५चं कूलंट: रंग बाजूला ठेवून

गाडी घरी आली त्याला तीन आठवडे झाले होते, तेव्हा मी पहिल्यांदा रेडिएटरचं झाकण उघडलं. १९९१ची माझदा एमएक्स-५, १.६ लिटरचं इंजिन, दोन सीट, मागे दुमडणारं कापडी छप्पर. रात्रभर उभी असल्यामुळे इंजिन थंडगार होतं. झाकण फिरवून काढलं, बोट आत घालून तोंडाच्या कडेनं फिरवलं आणि बाहेर काढलं, तर बोटाला विटकरी रंगाचा, तेलकट नसलेला, बारीक कणांचा चिखल. बाजूच्या रिझर्व्ह टाकीत मात्र छान हिरवं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाण्याचं मिश्रण, दिसत होतं. म्हणजे आधीच्या कुणीतरी त्या टाकीत वेळोवेळी हिरवं ओतलं होतं, आत काय चाललंय ते मात्र बघितलं नव्हतं.

ज्यांच्या हाताखाली मी गाड्यांचं काम शिकले त्या काकांना बोट दाखवलं.

"अगं, हिरव्यात लाल मिसळलंय कुणीतरी," काका म्हणाले. "दोन्ही नासलेत."

"काका, पण नासलं तर जेलसारखं व्हायला हवं ना? हे तर मातीसारखं लागतंय."

त्यांनी दोन बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाले, "वाळवून बघ."

मी थोडा चिखल जाड कागदावर पसरून दिवसभर वाळू दिला. संध्याकाळी कागदाच्या खालून चुंबक फिरवलं. तांबूस भुकटी जागची हलली नाही, पण तिच्यातले काळे बारीक कण चुंबकामागे ओळीनं सरकत गेले. तो लोखंडाचा गंज होता. या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला खालचा ठोकळा, बिडाचा आहे आणि त्यावर बसणारं हेड अॅल्युमिनियमचं. कूलंटमधली गंजरोधक रसायनं संपली की बीड आतून झिजायला लागतं, आणि ते झिजलेलं लोखंड माझ्या बोटावर आलं होतं. पीएचची पट्टी बुडवली तर ती ७च्या खाली, म्हणजे आम्लाकडे गेली. ताजं कूलंट नेहमी अल्कधर्मी असतं. ग्लायकॉल वर्षानुवर्षं तापत राहिलं की त्याची हळूहळू आम्लं बनतात, आणि गंजरोधकं संपली की ती आम्लं अडवायला काहीच उरत नाही. म्हणजे रंगांची मिसळ झालीही असेल, पण खरं नुकसान केलं होतं ते वर्षानुवर्षं न बदललेल्या पाण्यानं. काकांनी कागद बघितला आणि लगेच म्हणाले, "बरोबर आहे तुझं. हे जुनं झालंय, एवढंच."

हे आधी सांगितलं कारण "जुन्या गाडीत कुठलं कूलंट घालू?" असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा रंगातच मिळतं. हिरवं घाल, लाल घालू नकोस, निळं जर्मन गाड्यांचं. रंग म्हणजे फक्त डाय असतो. कुठल्या रसायनाला कुठला रंग द्यायचा याचा कसलाही सर्वमान्य नियम नाही. हिरव्या रंगात जुनं सिलिकेटवालं कूलंटही मिळतं आणि अगदी नव्या पद्धतीचं सेंद्रिय आम्लांचंही. डब्याची मागची बाजू वाचल्याशिवाय काही कळत नाही.

मागच्या बाजूला वाचायचं ते गंजरोधकांबद्दल. मूळ द्रव सगळीकडे बहुतेक तोच, इथिलीन ग्लायकॉल. फरक पडतो तो त्यात घातलेल्या थोड्याशा रसायनांनी. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये, ज्याला आयएटी म्हणतात, सिलिकेट आणि फॉस्फेटसारखे क्षार असतात. सिलिकेट अॅल्युमिनियमवर झटपट पातळ थर धरतं, पण लवकर संपतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. ओएटी म्हणजे सेंद्रिय आम्लांचं कूलंट. ते सगळीकडे थर देत बसत नाही, जिथे धातू उघडा पडतो तिथेच काम करतं, म्हणून पाच वर्षं टिकतं. जनरल मोटर्सनं १९९६च्या सुमारास आपल्या गाड्यांत हे भरायला सुरुवात केली आणि तिथून "लाँग लाइफ" हा शब्द रूढ झाला. या दोन्हींच्या मधले म्हणजे मिश्र प्रकार, एचओएटी.

मिश्र प्रकारांतही दोन वाटा आहेत, आणि मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. युरोपातल्या कारखान्यांनी फॉस्फेट टाळलं, कारण पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त असलं की फॉस्फेट त्यातल्या कॅल्शियमशी जुळून खर, म्हणजे क्षारांचा कडक थर, धरतं. त्यांनी थोडं सिलिकेट ठेवलं. जपानी कारखान्यांनी उलट केलं. वॉटर पंपाच्या सीलला सिलिकेटचे कण घासतात म्हणून त्यांनी सिलिकेट काढलं आणि फॉस्फेट अधिक सेंद्रिय आम्लं ठेवली. हा पी-एचओएटी. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पंप कसा, पाणी कसं, यावरून त्यांनी ठरवलं, आणि आपणही गाडीकडे बघूनच ठरवायला हवं.

माझ्या गाडीचा हिशेब असा मांडला. बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड, अॅल्युमिनियमचा गाभा आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेला रेडिएटर, जपानी पंप. रेडिएटरला शिशाची डाखणी नाही. तेव्हा सिलिकेट नसलेलं, फॉस्फेट असलेलं पी-एचओएटी. ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा हे रसायन तिच्यात नव्हतं, साधं जुन्या पद्धतीचं हिरवं होतं. ते आजही चालेल, फक्त दर दोन वर्षांनी बदलायची शिस्त लागते. मी ती शिस्त स्वतःवर ठेवू शकते, पण ही गाडी माझ्यानंतर ज्याच्याकडे जाईल त्याच्याबद्दल मला खात्री देता येत नाही.

गाडी वेगळी असती तर उत्तर वेगळं आलं असतं. एमजीबीसारखी जुनी ब्रिटिश रोडस्टर, म्हणजे उघड्या छपराची दोन सीटची गाडी, जिचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा डाख दिलेला, तिच्यात मी साधं आयएटीच घालेन. काही ओएटी कूलंटमध्ये २-इथिलहेक्झानॉइक आम्ल असतं. ते शिशाच्या डाखाला आणि सिलिकॉनच्या गॅस्केटला मानवत नाही. पोर्शे ९४४सारख्या गाडीत ब्लॉकही अॅल्युमिनियमचा, हेडही अॅल्युमिनियमचं. तिथे मी फॉस्फेट नसलेलं, सिलिकेट असलेलं युरोपीय एचओएटी निवडेन.

आता पाण्याकडे वळते, कारण डब्यातल्या द्रवाची एवढी चर्चा होते आणि उरलेलं अर्धं पाणी कुठून येतं याकडे कुणी बघत नाही. नळाच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, ते गरम धातूवर खर धरतं. क्लोराइड असतं, ते अॅल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणीच वापरायचं, धुवायलासुद्धा.

आणि प्रमाण. "जास्त कूलंट, जास्त गारवा" हा समज मी इतक्यांकडून ऐकला आहे की त्याबद्दल कळकळीनं लिहावंसं वाटतं. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कुणी धरू शकत नाही. एक किलो पाणी एका अंशानं तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल घेतं. निम्म्या-निम्म्या मिश्रणाची क्षमता त्याहून १५ ते २० टक्क्यांनी कमी असते, आणि नुसतं ग्लायकॉल तर पाण्याच्या जेमतेम दोन तृतीयांश उष्णता उचलतं. ग्लायकॉल घालायचं ते गोठण आणि उकळण यांच्यातलं अंतर वाढवायला आणि गंजरोधकं वाहून न्यायला. गोठण्याचा बिंदूही एकाच दिशेनं जात नाही. नुसतं ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं, पण निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३७पर्यंत टिकतं. रोल्स-रॉइसच्या मर्लिन विमान इंजिनात सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉल वापरत. नंतर ७० टक्के पाणी, ३० टक्के ग्लायकॉल आणि दाब अशी व्यवस्था केली, तेव्हा इंजिन खूप थंड चालायला लागलं आणि आगीचा धोकाही गेला.

त्या व्यवस्थेतला दाब आपल्या गाडीत रेडिएटरचं झाकण धरून ठेवतं. माझ्या झाकणावर ०.९ बार असा आकडा आहे. तेवढ्या दाबाखाली निम्मं-निम्मं मिश्रण सव्वाशे अंशांपलीकडे जाईपर्यंत उकळत नाही. पण झाकणातलं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली, तर हा सगळा फायदा जातो. मी जुनं झाकण तपासत बसले नाही, सरळ नवं घेतलं.

मग धुणं. या इंजिनात ६ लिटर मावतं, पण खालचा प्लग सोडल्यावर मोजलं तर ३ लिटरच बाहेर आलं. बाकीचं ब्लॉकमध्ये आणि गाडीत गरम हवा देणाऱ्या हीटरच्या जाळीत अडकून राहतं. ३ लिटर डिस्टिल्ड पाणी भरायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, वरचा होज हाताला गरम लागेपर्यंत इंजिन चालवायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा सोडायचं. पहिल्या फेरीनंतर आत निम्मं जुनं, दुसरीनंतर पाव, तिसरीनंतर साडेबारा टक्के, चौथीनंतर सहा टक्क्यांच्या थोडं वर. प्रत्येक फेरीत बाहेर आलेलं पाणी मी काचेच्या बरणीत धरून उजेडाकडे बघत होते. पहिल्या बरणीतून पलीकडचा हात दिसत नव्हता. चौथीत तळाला जेमतेम चिमूटभर काळं बसलं होतं.

हीटरकडे मी जास्त लक्ष दिलं त्याला कारण आहे. हे इंजिन मुळात आडवं बसवायच्या गाड्यांच्या कुळातलं. या गाडीत ते उभं बसवताना थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, पुढे आला. त्यामुळे पाणी पुढून आत जातं आणि पुढूनच रेडिएटरकडे निघतं. हेडच्या मागच्या टोकाला जो प्रवाह मिळतो त्यात हीटरच्या वाटेचा मोठा वाटा असतो. हीटरची जाळी चिखलानं बुजली तर आपले पाय गार पडतात एवढंच होत नाही, चौथ्या सिलिंडरच्या वाट्याचं पाणीही कमी होतं. म्हणून हीटरचे दोन्ही होज काढून जाळी बागेच्या नळीनं हलक्या दाबानं उलट दिशेनं धुतली, आणि शेवटी नळाचं पाणी निघून जावं म्हणून डिस्टिल्ड पाणी सोडलं. त्यातूनच सगळ्यात जास्त चिखल निघाला.

भरताना एक चूक मी थोडक्यात टाळली. पी-एचओएटी बरंचसं तयार मिश्रण म्हणूनच मिळतं, निम्मं पाणी आधीच घातलेलं. मी तेच उचलणार होते. पण शेवटच्या फेरीनंतर आत ३ लिटर साधं पाणी अडकलेलंच होतं. त्यावर ३ लिटर तयार मिश्रण ओतलं असतं तर इंजिनात फक्त २५ टक्के कूलंट राहिलं असतं आणि गंजरोधकंही निम्मीच. म्हणून पाणी न घातलेलं घट्ट कूलंट शोधून ३ लिटर आणलं. गाडीचं नाक रॅम्पवर चढवून, झाकण उघडं ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन संथ चालवलं. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणून मी निर्धास्त झाले नाही. बऱ्याच गाड्यांचे काटे तापमान बरंच वरखाली झालं तरी मध्यावरच राहतील असे बनवलेले असतात. वरचा होज आणि हीटरची हवा, दोन्ही हातानं तपासलं. दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे मिश्रण किती अंशांना गोठेल ते दाखवणाऱ्या उपकरणाच्या, काचेवर एक थेंब टाकून बघितलं. निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा उणे ३६वर आली.

बाहेर काढलेलं सगळं मी झाकणाच्या कॅनमध्ये भरून कडीकुलपात ठेवलं, आणि जमिनीवर सांडलेलं दोनदा धुतलं. ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोडंसंही त्यांची किडनी निकामी करायला पुरतं. आमच्या गल्लीतली एक करडी मांजर नेमकी याच गाडीखाली झोपते, म्हणून ते सगळं वापरलेलं तेल गोळा करणाऱ्याच्या हाती देईपर्यंत मला चैन पडलं नाही.

पंधरा दिवसांनी, पुन्हा थंड इंजिनावर, काकांनी स्वतः झाकण उघडलं आणि बोट फिरवलं. बोट ओलं झालं होतं, रंग हलका हिरवा. काकांनी ते फडक्याला पुसलं, फडकं उजेडात धरलं आणि म्हणाले, "आता टाकीवर लिहून ठेव, काय घातलंस ते." मी चिकटपट्टीवर पी-एचओएटी, निम्मं-निम्मं, आणि तारीख लिहून ती रिझर्व्ह टाकीच्या बाजूला चिकटवली.