बाऊजरच्या पोटात

ठाणे-वाशी लोकलमध्ये खिडकी मिळाली की मी अजून जुना निन्टेन्डो डीएस, म्हणजे दोन स्क्रीनचा हातातला गेम कन्सोल, काढतो आणि मारिओ अँड लुइजीचा बाऊजर्स इनसाइड स्टोरी लावतो, 2009 चा गेम पण हसू तेवढंच येतं. वरच्या स्क्रीनवर मारिओचा कायमचा शत्रू बाऊजर रुबाबात फिरतोय, खाली मारिओ-लुइजी दोघं भाऊ त्याच्याच पोटात, आणि त्याला पत्ताच नाही! दंडात ताकद कमी पडली की ए-बी बटणं टायमिंगने दाबून आपणच त्याचे स्नायू तयार करायचे. म्हणजे जोक नुसता डायलॉगमध्ये नाही, खेळण्यातच आहे, म्हणून शिळा होत नाही. काल ऐरोलीला बाऊजर महाकाय झाला, त्या लढाईसाठी डीएस फिरवून पुस्तकासारखा धरला, तर शेजारचे काका वाकून म्हणाले, "हा व्हिलन ना रे?" हो काका, पण माझा सगळ्यात लाडका तोच.