तुम्ही विचारलंत म्हणून : संगोपन म्हणजे नक्की काय

"दत्तक नाही ना घेतलंत, मग ती तुमची कोण?" सोसायटीत, शाळेत, परवा तर दवाखान्यातल्या वेटिंगमध्येसुद्धा. संगोपन करतोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, सांभाळताच ना, मग एवढा सरकारी शब्द कशाला?

तर ऐका. ती माझ्या भावाची मुलगी. भाऊ गेला. वहिनी आजारी आहे, पण आहे. दत्तक झालं की जन्मदात्या आईशी कायद्याने नातं तुटतं, ते मला नकोय आणि वहिनीला तर नकोच. म्हणून बालकल्याण समितीचा आदेश, बालसंगोपन योजना, महिन्याला 2250 रुपये, 18 वर्षं होईपर्यंत. हो, घेते पैसे. क्लासची फी पण निघत नाही त्यात, पण घेते.

आणि शब्द सरकारी नाहीये हो. संगोपनातला संस्कृत धातू गुप् म्हणजे राखणं, गुप्त आणि गुपित त्यातलेच, आणि हा गुप् स्वतः आला गोपवरून, म्हणजे गाई राखणारा. संस्कृत कोशात संगोपनाचा अर्थ नीट लपवून ठेवणं असा मिळतो, मुलं वाढवणं हा अर्थ आपल्याकडे रूढ झाला. मला तो लपवण्याचा अर्थच जास्त आवडायचा, कोणाची नजर लागू नये वगैरे.

मग नात्यातलं ते लग्न. बुफे नव्हता, पंगत होती. पोरगी माझ्या शेजारी, पानात जिलबी, मठ्ठा, वाढपी दुसऱ्यांदा मसालेभात घेऊन आला तसं तिने पान जरा पुढे सरकवलं, आवडतो तिला. तेवढ्यात समोरच्या काकू मला म्हणाल्या, आणि अगदी कौतुकाने हं, "धन्य आहे बाई तुझी, आजकाल कोण पोसतं दुसऱ्याचं पोर!" तिने पानावर हात आडवा धरला. वाढपी पुढे गेला. मी "अगं घे की" म्हणत राहिले, काकूंना एक शब्द बोलले नाही, लग्नघर होतं ना. त्यानंतर घरी कित्येक दिवस दुसरी पोळी वाढायला गेलं की "बास आत्या, पोट भरलं". आणि एका रात्री, "पोसणं म्हणजे वाईट असतं का गं?"

पुष्, पोषण, पुष्टी, मूळ किती चांगलं आहे ते मी सांगितलं तिला. "बरं" म्हणाली. पण ऐतखाऊ पोसतात, गुंड पोसतात, हेही तिने ऐकलेलं असणारच ना. आणि लपवण्याचं म्हणाल तर भर पंगतीत कुठे लपवू?

नवरा म्हणतो सरळ वाढवतो म्हण, पानात वाढतात ते वाढणं आणि पोर वाढतं तेही वाढणंच, किती छान. छान आहे, मान्य. पण भाऊ गेला तेव्हा मोठ्या बायकांनी वहिनीच्या बांगड्या "वाढवल्या", म्हणजे फोडल्या, तेव्हा पोरगी दारातच उभी होती, त्याचं काय?

म्हणून फॉर्मवर संगोपन लिहिते, तोंडाने सांभाळते म्हणते, आणि दोन्ही पटत नाहीत. उद्या वहिनी बरी झाली आणि पोरगी आईकडे गेली तर तुम्हीच विचारणार आहात, मग एवढं केलंत कशाला? त्याचं उत्तर आत्ताच मागू नका.