हातभर तोफ आणि कुलाब्याच्या तोफा

अलिबागहून फोन आला की हल्ली तब्येतपाण्याच्या आधी एकच प्रश्न येतो, "काय रे, तोफा उडवतोस म्हणे?" मी पाठवलेला एक व्हिडिओ व्हॉट्सॲपवर आळीभर फिरला, त्याचा हा परिणाम. तेव्हा सगळ्यांना एकदाच नीट सांगतो.

हो, उडवतो. इथे ओहायोत हा रीतसर छंद आहे. जुन्या तोफेची मापं घेऊन लेथवर तिची लहान प्रत करायची, आणि ती कपाटात न ठेवता रेंजवर नेऊन खऱ्या दारूने डागायची. माझी तोफ '१२ पाउंडी नेपोलियन' नावाच्या तोफेची सहाव्या हिश्शाची प्रत आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी ही ब्राँझची तोफ वापरली. मूळ नळी सुमारे ५५७ किलोची, आतला व्यास ४.६२ इंच. सहा पटींनी लहान केली की व्यास पाऊण इंचाच्या जरासा वर येतो, पण वजन २१६ पटींनी उतरतं, कारण लांबी, रुंदी, उंची तिन्ही आटतात. म्हणून माझी नळी अडीच किलोच्या आसपास भरते आणि एका हाताने उचलता येते.

दारूला मात्र हा हिशोब लागू नाही. नळी लहान झाली म्हणून दारूचा स्वभाव बदलत नाही. म्हणूनच जिथे ती पेटते तिथे नळीची भिंत निदान आतल्या व्यासाइतकी जाड ठेवतात. आणि वापरायची ती फक्त काळी दारू, म्हणजे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू अशा तोफेत कधीच घालायची नाही. तिचा दाब नळीच्या चिंधड्या करतो.

पोलीस काही म्हणत नाहीत का, हा आईचा प्रश्न. इथल्या केंद्रीय कायद्याने १८९८ पर्यंतची ठासणीची शस्त्रं आणि त्यांच्या प्रती पुरातन धरल्या जातात, आणि त्यांच्यासाठी ५० पाउंडांपर्यंत काळी दारू परवान्याशिवाय ठेवता येते. राज्याराज्यांचे नियम वेगळे, ते आधी बघावे लागतात. व्हर्जिनियात विंचेस्टरजवळ फोर्ट शेनँडोआ आहे, तिथे तर पूर्ण आकाराच्या तोफांच्या नेमबाजीच्या स्पर्धा होतात. आपल्याकडे हे चालणार नाही. शस्त्र कायदा आहे, १८८४ चा स्फोटक कायदा आहे, आणि ते योग्यच आहे. आळीतल्या पोरांनो, व्हिडिओ बघून पाइप आणि फटाक्यांची दारू एकत्र आणू नका. पाइप फुटला की त्याचे तुकडे अंगात घुसतात.

राजापूरकडच्या मामांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरांसाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. मामा बंदूक हातात घेतली की सगळ्यात आधी गज, म्हणजे दारू ठासायची काठी, नळीत सोडून किती आत जातो ते बघायचे. गज कमी गेला म्हणजे आत बार, म्हणजे भरलेली दारू आहे. "आधी गज घालून बघ, मग बाकीचा बोल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इथे मला शिकवणारे गृहस्थ सत्तरीचे, निवृत्त टर्नर. पहिल्या दिवशी त्यांनी हातात गज दिला आणि हेच करायला लावलं. मला मामा आठवले आणि मी त्यांना मामांबद्दल सांगितलं. तेव्हापासून ते मला नवशिका समजत नाहीत.

गज धरायचीही रीत आहे. मूठ वळायची नाही, अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा. आत ठिणगी राहिली असेल आणि ठासताना बार उडाला, तर गज हातातून निसटून जावा, हात सोबत नेऊ नये. ती ठिणगी राहू नये म्हणून प्रत्येक बारानंतर नळी आतून पुसायला आधी ओला पोचारा, मग कोरडा. त्यानंतर ॲल्युमिनियमच्या कागदात बांधलेली दारूची पुडी, गोळा, ठासणी. मग कानातून, म्हणजे नळीच्या मागच्या बारीक भोकातून, सुई घालून पुडी टोचायची, वात लावायची आणि बाजूला व्हायचं. मागे कधीच उभं राहायचं नाही, गाडा उलटा धावतो. आवाज क्षणाचा, बाकी सगळं हे.

काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर घनच राहतो. थोडा पांढऱ्या धुरातून जातो, उरलेला नळीत चिकटतो. हा थर क्षारांचा, तो हवेतली ओल ओढतो आणि लोखंड खातो. म्हणून घरी आल्यावर जेवणाआधी गरम पाण्याने नळी धुवायची. ओहायोच्या कोरड्या थंडीतही यात आळस चालत नाही. मग आपल्या खाऱ्या वाऱ्यात, पावसाळ्यात, अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटावर दारू कोरडी आणि नळ्या स्वच्छ ठेवणाऱ्या माणसांनी किती कष्ट उपसले असतील! १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. शाळेत हा धडा वाचताना मला नुसता धूर दिसायचा. आता पोचारा बुडवायची बादली दिसते, आणि उन्हात वाळत घातलेली दारू दिसते. आंग्र्यांच्या गोलंदाजांची नावं आपल्याला पाठ नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता कामाचं. कुलाब्याच्या उत्तर तटावर गाड्यांवरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत, यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव असलेल्या. पुढची प्रत मला त्यातल्या एकीची करायची आहे. भाच्याने तोंडाचा व्यास आणि बाजूच्या खुंटांची जाडी मोजून पाठवली आहे. मागच्या कड्याजवळचा घेर आणि तिथून तोंडापर्यंतची लांबी अजून हवी आहे. ओहोटीला कुणी किल्ल्यात जाणार असेल तर सुतळीने घेर घ्यावा, सुतळी घरी आणून पट्टीवर मोजावी आणि आकडा कळवावा. गंज खरवडू नका. वास्तू संरक्षित आहे, आणि तो थर निघाला की खालचं लोखंड आणखी लवकर झडतं. तोफेच्या तोंडात वेफर्सची पाकिटं कोंबलेली दिसली, तर तेवढी मात्र काढून आणा.