डॉक्टर थांबला आणि परत निघाला ती टेकडी : १९८५-८६ च्या खुणांमागे इंग्लंडात पाच दिवस

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून पोर्ट्समथकडे जाणारी गाडी साधारण सव्वा तासात पीटर्सफील्डला सोडते. तिथून दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर, ए-३ महामार्गाच्या दोन्ही अंगांना क्वीन एलिझाबेथ कंट्री पार्क पसरलं आहे. पूर्वेला बीचच्या झाडांचं दाट रान, पश्चिमेला उघडी, गवताळ बटसर टेकडी आणि मधून चोवीस तास वाहणारा महामार्ग. 'डॉक्टर हू'च्या सर्वांत खडतर काळाचा शोध घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी, कारण मालिका बंद पडण्याआधीच्या कथेचं बाह्यचित्रीकरण जानेवारी १९८५ मध्ये याच परिसरात झालं आणि ती परत सुरू झाली तेव्हा पहिलं चित्रीकरण एप्रिल १९८६ मध्ये पुन्हा इथेच झालं. मध्ये पंधरा महिने गेले.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. बीबीसीची ही विज्ञानकथा-मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. निळ्या पोलीस-चौकीच्या खोक्यातून काळात आणि अवकाशात फिरणारा डॉक्टर हा तिचा नायक. तो मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर बदलतं, म्हणजे नट बदलतो. १९८५ मध्ये सहावा डॉक्टर होता कॉलिन बेकर, आणि ५ जानेवारी ते ३० मार्च असे त्याचे ४५ मिनिटांचे १३ भाग शनिवारी दाखवले जात होते. हे पर्व चालू असतानाच, फेब्रुवारीच्या अखेरीस बातमी फुटली की पुढचं पर्व बीबीसीने लांबणीवर टाकलं आहे. बीबीसी वनचे प्रमुख मायकेल ग्रेड होते, मालिका-विभागाचे प्रमुख जोनाथन पॉवेल. आधी खर्चाचं कारण पुढे आलं, मग हिंसा वाढल्याचं. जेमतेम आठवडाभरापूर्वी, १९ फेब्रुवारीला, 'ईस्टएंडर्स' ही नवी खर्चिक मालिका सुरू झाली होती. चाहत्यांनी ते दोन धागे लगेच जोडले. पुढचं पर्व लिहून होत आलं होतं, दिग्दर्शक नेमले जात होते. ते सगळं कपाटात गेलं.

आता टेकडीकडे. पार्कच्या अभ्यागत केंद्रापासून महामार्गाखालून एक भुयारी वाट आहे, तिने बटसरच्या पायथ्याशी निघता येतं. टेकडी २७० मीटर उंच. चढ मोठा वाटत नाही, पण खाली सगळा खडू-दगड आहे आणि पाऊस झाला की त्यावर साबण फासल्यासारखं होतं. खोल खाचांचे बूट घाला, साध्या स्पोर्ट्स शूजवर उतरताना हमखास घसरायला होतं. माथ्यावर वाऱ्याला आडोसा नाही. १९८५ च्या जानेवारीत चित्रीकरणाच्या तोंडावर इथे बर्फ पडला, तो कथेत नव्हता. दिग्दर्शक ग्रेम हार्पर यांनी चित्रीकरण तसंच रेटलं आणि नेक्रॉस हा प्रेतांचा ग्रह पांढरा झाला. डॉक्टरची सहप्रवासी पेरी, निळ्या कपड्यांत, आणि डॉक्टर बर्फातून चालत येतात, ते दृश्य अजूनही मालिकेतल्या उत्तम सुरुवातींपैकी एक आहे. योगायोगाने मिळालेलं, पण मिळाल्यावर ज्याने ते वापरलं त्याचं श्रेय मोठं.

आता महामार्ग ओलांडून रानात या, म्हणजे १९८६ सापडेल. ६ सप्टेंबर १९८६ ला मालिका परतली ती 'द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड' या एकाच चौदा भागी कथेने, आणि तिच्या पहिल्या भागात डॉक्टर व पेरी याच ओल्या झाडीतून रॅव्हलॉक्स ग्रहावर चालतात. दोन्ही कथा लागोपाठ पाहिल्या तर हवेचा पोतच वेगळा वाटतो. याचं कारण हवामान नाही. १९८५ पर्यंत बाहेरची दृश्यं १६ मिलिमीटर फिल्मवर आणि स्टुडिओतली व्हिडिओवर घेत. १९८६ पासून बाहेरचंही सगळं व्हिडिओवर, बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्या नेऊन घेऊ लागले. फायदा असा की घरात शिरताना आणि बाहेर पडताना चित्राचा पोत उडी मारत नाही. तोटा असा की सावल्या सपाट होतात आणि रान हे रानच दिसतं, परका ग्रह दिसत नाही. बटसरचा बर्फ फिल्मवर आहे, शेजारचं रान टेपवर. पाऊण तास चालून दोन्ही जागी उभं राहिलं की हा फरक डोळ्यांना पटतो.

इथे बहुतेक लोक एक चूक करतात. पहिल्या चार भागांतल्या टोळीचं गाव, राणी कॅट्रिकाची गोल गवती घरं, हे बटसर एन्शंट फार्म या लोहयुगीन शेतीच्या प्रयोगकेंद्रात चित्रित झालं. नकाशात ते नाव टाकलं की तुम्ही चाल्टनजवळच्या बास्कम इथे पोचता. शेत छान आहे, गोल घरं आहेत, तिकीट काढून जरूर पाहावं. पण ते तिथे १९९१ मध्ये हललं. चित्रीकरण झालं तेव्हा ते हिलहॅम्पटन डाउनवर, पार्कच्याच आवारात होतं. तिथली घरं गेली, गवत उरलं. चौकट जुळवून फोटो काढायचा असेल तर मागच्या डोंगराच्या रेषेवरून अंदाज घ्यावा, आणि आवाजासह काही टिपायचं असेल तर ए-३ ची घरघर गृहीत धरावी. या भागात दिवस काढायचाच तर परतीची बस आधी बघून ठेवा, फेऱ्या विरळ आहेत.

रॅव्हलॉक्स ही खरं तर जागेवरून उचलून नेलेली पृथ्वीच, हे डॉक्टरला कळतं ते मार्बल आर्च स्टेशनच्या पाटीवरून. लंडनला परतल्यावर याच नावाच्या स्टेशनवर सेंट्रल लाइन पकडा. पश्चिमेला सहावं स्टेशन व्हाइट सिटी, आणि समोर बीबीसी टेलिव्हिजन सेंटर. १९६० मध्ये उघडलेली ही गोल इमारत बीबीसीने २०१३ मध्ये सोडली. आता तिथे घरं आणि हॉटेल आहे. पहिले तीन स्टुडिओ राखले, चार ते आठ पाडले. मधल्या चौकात सूर्यदेव हेलिओसचा पुतळा अजून आहे आणि तिथपर्यंत जाता येतं.

इथेच थांबून त्या वर्षाचा हिशेब मांडायला हवा. जुन्या पर्वात १३ भाग गुणिले ४५, म्हणजे ५८५ मिनिटं. नव्यात १४ भाग गुणिले २५, म्हणजे ३५०. मालिका वाचली असं लोक म्हणतात तेव्हा दोनपंचमांश वेळ कापली गेली हे राहून जातं. त्यात सुरुवातीला अवकाशस्थानकाचं एक लांबलचक दृश्य आहे. संगणक-नियंत्रित कॅमेऱ्याने प्रतिकृतीवर घेतलेलं, ८,००० पौंडांहून जास्त खर्चाचं, तोवरचं मालिकेतलं सर्वांत देखणं प्रतिकृतिकाम. पण त्या दृश्यानंतर आपण एका न्यायालयाच्या खोलीत येतो आणि चौदा आठवडे दर थोड्या वेळाने तिथेच परत येत राहतो. डॉक्टर आपल्याच साहसांची चित्रफीत बसून बघतो आणि मध्येच हरकत घेतो. मालिकेवर खटला चालू आहे म्हणून पडद्यावरही खटला, ही कल्पना कागदावर धाडसी होती. पडद्यावर तिने प्रत्येक कथेचा वेग मोडला. ज्या प्रेक्षकाला परत आणायचं त्याला पहिल्याच दिवशी सांगायचं की निकाल डिसेंबरात लागेल, ही आमच्या मते मूळ चूक. आधीच्या पर्वाचा पहिला भाग ८९ लाखांनी पाहिला होता, याचा पहिला ४९ लाखांनी. समोरच्या वाहिनीवर 'द ए-टीम' होती.

पुढचा मुक्काम दक्षिण किनारा. लंडनहून ब्रायटन तासाभरात, तिथून न्यूहेवनच्या दिशेची किनारी बस घेऊन टेल्सकम क्लिफ्सला उतरायचं. पाच ते आठ भागांतला थोरोस बीटा ग्रह म्हणजे या पांढऱ्या कड्यांखालचा किनारा. पडद्यावर समुद्र गुलाबी दिसतो. व्हिडिओवर चित्रीकरण झाल्यामुळे रंग नंतर यंत्रावर बदलता आले, फिल्मवर ते एवढ्या सहज जमलं नसतं. प्रत्यक्षात पाणी राखाडी-हिरवं. खाली उतरायला मोजक्याच जागा आहेत, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच जा. ओहोटीच्या आधी दोन तास उतरावं आणि पाणी वळायच्या आत वर यावं. कड्याच्या अगदी बुंध्याशी बसू नका. खडूचे ढलपे सुटतात, पावसानंतर आणि थंडी सरताना विशेष. वर, शेजारच्या पीसहेवनमध्ये, मूळ मध्यान्हरेषा जिथे इंग्लंड सोडून समुद्रात उतरते तिथे १९३६ चा स्तंभ आहे. काळाच्या प्रवाशाची कथा चित्रित झाली त्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. हे कुणी ठरवून केलेलं नसेल, पण तिथे उभं राहून बरं वाटतं.

नऊ ते बारा भागांसाठी कुठेही जायचं नाही. ती अवकाशजहाजावरची खूनकथा संपूर्ण स्टुडिओत झाली.

कॅम्बर सँड्ससाठी मात्र पूर्ण दिवस द्या. सेंट पँक्रसहून वेगवान गाडीने अॅशफर्ड, तिथे डिझेलवर चालणाऱ्या छोट्या गाडीत बदल, मग राय, आणि रायहून बस. अॅशफर्डची जोडगाडी चुकली तर पुढची साधारण तासाने. रविवारी रुळांची कामं निघाली की गाडीऐवजी बस देतात आणि सगळं गणित कोलमडतं, म्हणून आदल्या रात्री तपासावं. ऑगस्टच्या शनिवार-रविवारी कॅम्बरचा एकुलता रस्ता गाड्यांनी तुंबतो. मे किंवा सप्टेंबर बरा. वाळूच्या टेकड्यांना कुंपण घातलं असेल तिथे शिरू नका, गवत रुजवण्यासाठी ते असतं. ओहोटीला पाणी फार दूर जातं, पण येताना मागून वळसा घालून येतं.

तेराव्या भागाच्या अखेरीस याच वाळूतून हात वर येतात आणि डॉक्टरला खाली ओढतात. आणि कथा लिहिणाऱ्यांच्या बाजूनेही जमीन इथेच सरकली. हा शेवटचा दुभाग रॉबर्ट होम्स लिहीत होते. मालिकेचे सर्वांत कसलेले लेखक. २४ मे १९८६ ला ते गेले. त्यांचे स्नेही आणि पटकथा-संपादक एरिक सॉवर्ड यांनी एप्रिलमध्येच राजीनामा दिला होता, तरी चौदावा भाग त्यांनी होम्स यांच्या योजनेबरहुकूम लिहून दिला. त्यात डॉक्टर आणि त्याचाच काळा अंश, व्हेलयार्ड, एकमेकांना भिडलेले असतानाच कथा संपत होती. निर्माते जॉन नेथन-टर्नर यांना ते नको होतं. डॉक्टर संकटात लटकत राहिला तर मालिका तिथेच संपवायला वरच्यांना आयतं कारण मिळेल, ही त्यांची भीती. सॉवर्ड यांनी संहिता परत घेतली. आता नट ठरलेले, स्थळं ठरलेली, तेरावा भाग ठरलेला आणि शेवट नाही. पिप आणि जेन बेकर या लेखक-दांपत्याने काही दिवसांत नवा चौदावा भाग लिहिला, तोही आधीच्या शेवटाबद्दल त्यांना अक्षरही सांगता येणार नाही अशा कायदेशीर अटीत. तो भाग गोंधळलेला आहे हे खरं. पण उत्तर न पाहता कोडं सोडवायचं होतं, तेही दुसऱ्याने मांडलेल्या सोंगट्यांवर. त्या दोघांना आजवर मिळालेली शिव्याशापांची वाटणी आम्हाला अन्यायाची वाटते.

त्याच दुभागाची उरलेली जागा स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये आहे. लंडन यूस्टनहून दीड तास, मग डर्बीच्या गाडीने एक स्टेशन लाँगटन, आणि चालत दहा मिनिटांवर ग्लॅडस्टन पॉटरी म्यूझियम. बाटलीच्या आकाराच्या विटांच्या भट्ट्या, दगडी फरसाचं आवार, अरुंद जिने. हीच 'फँटसी फॅक्टरी'. मालिकेत ती रात्री दिसते, ओल्या फरसावर दिवे चमकतात. तुम्ही जाल दिवसा, त्यामुळे पहिल्यांदा ओळख पटत नाही. आवाराच्या मधोमध उभं राहून भट्टीची मान चौकटीच्या वर कापली जाईल असा कॅमेरा खाली धरा, म्हणजे जागा सापडते. म्यूझियम आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, वेळा पाहून निघा.

शेवटचा भाग ६ डिसेंबर १९८६ ला दाखवला गेला. तोवर कॉलिन बेकरला काढून टाकायचा निर्णय झाला होता. फक्त एका कथेपुरतं येऊन नव्या डॉक्टरला जागा करून दे, असं त्याला सांगितलं गेलं. तो नाही म्हणाला. पुढच्या सप्टेंबरात सिल्व्हेस्टर मॅककॉयने सोनेरी कुरळा टोप घालून जुन्या डॉक्टरचंही क्षणभराचं काम केलं आणि बदल उरकला.

स्टोकहून गाड्या बदलत प्रेस्टन, आणि तिथून पाऊण तासाच्या आत ब्लॅकपूल. इथे त्या दोन वर्षांतला एकही फुटाचा तुकडा चित्रित झालेला नाही, तरी हे स्थळ वगळू नका. रद्द झालेल्या पर्वाची पहिली कथा, माजी निर्माते ग्रेम विल्यम्स यांची 'द नाइटमेअर फेअर', इथल्या जत्रेच्या मैदानात घडणार होती. गोल्डन माइलवर १९७४ पासून मालिकेचं कायमचं प्रदर्शन होतं, तेही १९८५ मध्येच बंद झालं. नॉर्थ स्टेशनपासून समुद्राकडे उतरा, ट्रामने दक्षिणेला प्लेझर बीचपर्यंत जा आणि परत येताना टॉवरपर्यंत चालत या. वारा कायम समोरून असतो.

३० मार्च १९८५ च्या भागाचं अखेरचं दृश्य फोनवर घेऊन ठेवा आणि या किनाऱ्यावर बघा. पेरी म्हणते, आता कुठेतरी मजेच्या जागी चल. डॉक्टर म्हणतो, ठीक, मी तुला नेतो. पुढचा शब्द ब्लॅकपूल होता. पर्वच रद्द झाल्यामुळे तो कापला, आणि शब्द ओठांवर यायच्या आत चित्र गोठतं.