भाचीचं लग्न, व्हेनिसच्या सिनेगॉगमध्ये

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ असं म्हणणाऱ्याला ते लग्न पाण्यातल्या शहरात, परक्या भाषेत आणि यहुदी धर्मशास्त्र सांभाळून करायची वेळ बहुधा आली नसावी. आमच्यावर आली. माझी बहीण तब्येतीमुळे फार धावपळ करू शकत नाही, म्हणून भाचीच्या लग्नाची सूत्रं मावशीच्या हातात, म्हणजे माझ्या हातात आली.

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. मूळचे अलिबागकडचे. पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. भाची लंडनला नोकरीला. मुलगा तिथलाच, यहुदीच, पण घराणं मूळचं पोलंडकडचं. आमचं निम्मं गोत अश्दोद आणि लोदला, त्यांचंही अर्धं इस्राएलात. ठाण्यात करावं तर त्यांच्याकडचे म्हातारे येणार नाहीत, लंडनला करावं तर खर्चाने कंबर मोडेल. (व्हेनिस स्वस्त पडलं असं नाही. पण पाहुणे आपोआप कमी झाले, ते एक बरं झालं.) व्हेनिस भाचीने सुचवलं. १५१६ साली तिथल्या सिनेटने यहुदींना एका बेटावर राहायला लावलं आणि रात्री फाटकं बंद करायला सुरुवात केली. पहाऱ्याचे पैसेही यहुदींकडूनच घ्यायचे. ती फाटकं १७९७ मध्ये नेपोलियनचं सैन्य आल्यावर निघाली. त्या वस्तीतली जुनी सिनेगॉगं, म्हणजे यहुदींची प्रार्थनास्थळं, अजून उभी आहेत. मुलीचं म्हणणं होतं की लग्न करायचं तर अशा जागी, नुसत्या सुंदर हॉटेलात नको.

तिने आधी एक वेडिंग प्लॅनर गाठली होती. बाई हुशार होती, फोटो झकास पाठवायची, पण तिचं पहिलं पॅकेजच शनिवार संध्याकाळचं. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, लग्न लागत नाही हे सांगितल्यावर म्हणाली, सूर्यास्तानंतर करू. जूनमध्ये व्हेनिसला शब्बाथ संपेपर्यंत रात्रीचे दहा वाजतात. मग काय म्हाताऱ्यांना मध्यरात्री जेवायला घालायचं? माझं मत तेव्हाच पक्कं झालं. यहुदी लग्नात हॉल, फुलं, फोटोग्राफर हे सगळं शेवटी. आधी पंचांग, मग रब्बी (धर्मगुरू), मग स्वयंपाकघर. हा क्रम उलटा केला की पैसे भरून बसायचं आणि मग तारखा बदलायच्या.

पंचांगाचं म्हणाल तर पेसाहच्या सणापासून शाबुओथच्या सणापर्यंत ओमेर मोजायचे, म्हणजे एकेक दिवस मोजत जायचे दिवस. त्यातले बरेचसे लग्नाला वर्ज्य, आणि कोणते वर्ज्य यावर आमच्यात आणि त्यांच्यात मतभेद. पुढे तम्मुझ महिन्याच्या सतराव्या तारखेपासून आव महिन्याच्या नवमीपर्यंत तीन आठवडे जेरुसलेमच्या मंदिराच्या विनाशाचा शोक. मधे उन्हाळ्यात उरतो जेमतेम सव्वा महिना. त्यातला मंगळवार धरला. तोरातल्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातल्या, सृष्टीच्या कथेत तिसऱ्या दिवशी देव दोनदा ‘चांगलं आहे’ म्हणतो, म्हणून मंगळवार आमच्यात शुभ. शेजारच्या जोशीकाकू म्हणाल्या, “अगं, मंगळवारी कोण लग्न करतं?” मी म्हटलं, आम्ही करतो, आणि त्या दिवशी हॉटेलही शनिवार-रविवारपेक्षा स्वस्त असतं.

खरं घोडं अडलं ते कागदपत्रांत. व्हेनिसचा यहुदी समाज छोटा, साडेचारशेच्या आसपास माणसांचा, आणि रीत ऑर्थोडॉक्स, म्हणजे जुन्या शिस्तीची. तिथल्या रब्बींचं म्हणणं सरळ होतं: मुलगा-मुलगी दोघं जन्माने यहुदी, अविवाहित, आणि त्यांच्या गावच्या मान्यताप्राप्त रब्बीने तसं लिहून द्यावं. मुलाचं पत्र लगेच आलं. आमचं कोण देणार? भारतात मुख्य रब्बी असा कुणी नाही. आमची सिनेगॉगं पिढ्यान्‌पिढ्या हझानांनीच, म्हणजे प्रार्थना म्हणणाऱ्यांनीच, चालवली. भाची लंडनमध्ये राहते म्हणून तिचा अर्ज तिथल्या एका कार्यालयातून जायचा होता. त्या कार्यालयाने (नाव घेत नाही) आईचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, मागितला. तो दिला. मग आजीचा मागितला. मग विचारलं, बेने इस्राएल म्हणजे नक्की कोण?

हा प्रश्न आमच्या घरात नवा नाही. १९६२ च्या सुमारास इस्राएलच्या मुख्य रब्बीनेटने, म्हणजे तिथल्या रब्बींच्या अधिकृत संस्थेने, आमच्या लोकांची लग्नं लावण्याआधी वंशावळ तपासा असा आदेश काढला होता. माझे मोठे काका तेव्हा नुकतेच तिकडे गेलेले. लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले, आणि १९६४ मध्ये ते प्रकरण पार क्नेसेटपर्यंत, म्हणजे तिथल्या संसदेपर्यंत, गेल्यावर रब्बीनेटला माघार घ्यावी लागली. तेव्हापासून आमच्या यहुदीपणावर अधिकृत प्रश्नचिन्ह नाही. पण टेबलामागे बसलेल्या माणसाला हे कुणी सांगायचं? मी सांगितलं. चिडून नव्हे, कागद लावून.

ठाण्याचं शाआर हाशामायिम सिनेगॉग १८७९ चं. तिथली लग्नांची जुनी नोंदवही काढली. आजीच्या लग्नाची नोंद सापडली, शाई तपकिरी झालेली, नवऱ्यामुलाचं नाव हिब्रूत आणि साक्षीदारांच्या सह्या मोडीत. कारभारी गृहस्थांनी वही उघडी धरली आणि मी मोबाइलवर फोटो काढला, मग त्यांनी सिनेगॉगच्या शिक्क्यानिशी पत्र दिलं. आजीच्या कबरीच्या दगडाचाही फोटो जोडला, कारण त्यावर हिब्रूत तिच्या वडिलांचं नाव आहे. सोबत १९६४ चा इतिहास एका पानात, मुद्देसूद. त्यानंतर मंजुरीचं पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. ज्यांच्या घरात असं लग्न ठरतंय त्यांनी आईचा आणि आजीचा केतुबा आजच शोधून ठेवावा. नंतर शोधू म्हटलं की तो नेमका गोदरेजच्या कपाटात नसतो.

कायद्याचं लग्न व्हेनिसला करायचंच नाही, हे आधीच ठरवलं. इटलीत परदेशी माणसाला त्यासाठी वेगळी कागदपत्रं, भाषांतरं, शिक्के लागतात. त्यापेक्षा दोघांनी लंडनला टाउन हॉलमध्ये नोंदणी केली. तिथेही नोटीस द्यावी लागते, एरवी २८ दिवसांची, पण एक जण परदेशी नागरिक असला तर ती ७० दिवसांपर्यंत लांबू शकते. म्हणून हे काम लवकर हातात घेतलं. व्हेनिसला फक्त धार्मिक विधी.

ठाण्या-मुंबईच्या मंडळींच्या शेंगेन व्हिसाचं काम माझ्या भावाने उरकलं. प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी अर्ज करता येतो, माणशी ९० युरो फी आणि ३०,००० युरोंचा आरोग्य विमा. निमंत्रणपत्रात राहायचा पत्ता, तारखा आणि खर्च कोण करणार हे स्वच्छ लिहिलं होतं. बोटांचे ठसे द्यायला सगळे एकाच दिवशी गेलो, येताना वडापाव खाल्ला.

आता स्वयंपाकघर. इथे दोन घराण्यांची खरी गाठ पडली. व्हेनिस म्हणजे कोळंबी, माकुल, खेकडे, आणि त्यातलं काहीच आम्हाला चालत नाही. आमचं कोकणात राहून तसंच आहे. ज्याला पर आणि खवले आहेत तो मासा घ्यायचा, म्हणजे बांगडा चालतो, कोळंबी नाही. पण मटण घ्यायचं की मासे? मुलाकडच्यांना मटणाशिवाय लग्न लग्न वाटेना. मटण घेतलं की त्याच जेवणात दूध-लोणी-चीज बंद, आणि त्या भागात येऊन तिरामिसू खायचं नाही हे भाचीला पटेना. विहीणबाई आणि मी व्हिडिओ कॉलवर यावर जितक्या वेळा बोललो तितकं लग्नाच्या शपथेवर कुणी बोललं नसेल. शेवटी मंगळवारी मासे आणि दुधाचं जेवण ठरलं, आणि आदल्या रात्री त्यांच्यासाठी मटण. माशांत ‘सार्दे इन साओर’ होते, व्हिनेगर, कांदा, बेदाणे आणि चिलगोजे घालून मुरवलेली तारली. आमच्या अश्दोदच्या काकांनी पहिल्या घासाला मान डोलावली आणि म्हणाले, “आंबट-गोड आहे, पण हिरवी मिरची विसरलेत.”

ठाण्याहून नेलेला गव्हाच्या चिकाचा हलवा मात्र कोशेर, म्हणजे यहुदी खाण्याचे नियम पाळणाऱ्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबला. मशगियाह, म्हणजे देखरेखीला बसलेला धार्मिक निरीक्षक, घरी शिजवलेलं काही आत घेऊ देत नाही. बरोबरच आहे, त्याच्या शिक्क्याचा प्रश्न असतो. हलवा नारळाच्या दुधातला, कुठल्याही जेवणाबरोबर चालणारा, पण नियम म्हणजे नियम. तो भाड्याच्या घरात आमच्या माणसांनी संपवला.

मलिद्याचं जमलं. लग्नाआधी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे-नारळाचा मलिदा केल्याशिवाय आमच्यात कार्याला सुरुवात नाही. पोहे मी बॅगेतून नेले होते, बंद पाकिटातले. नारळ मेस्त्रेच्या, म्हणजे व्हेनिसच्या जमिनीवरच्या भागातल्या, बांगलादेशी दुकानात मिळाले. तिथे बांगलादेशी वस्ती मोठी आहे, वेलचीपासून विड्याच्या पानापर्यंत सगळं मिळतं. मशगियाह तरुण होता, मिलानचा. त्याने पोह्यांची एक मूठ पांढऱ्या ताटलीत पसरली, खिडकीशी नेली आणि किडा आहे का ते एकेक दाणा सरकवत पाहिलं. मग विचारलं, हे तांदूळ आहेत तर इतके चपटे कसे? मी भिजवून भाजलेल्या भातापासून मुसळापर्यंत हातवारे करून सांगितलं. त्याने एक दाणा चावून पाहिला, मान हलवली आणि नारळ स्वतः फोडायला मागितला. तीन फटक्यांत जमलं नाही. चौथ्याला पाणी त्याच्या दाढीवर.

जागा होती स्कोला स्पानियोला, त्या वस्तीतलं एक सिनेगॉग. सोळाव्या शतकात स्थापन झालेली, सतराव्यात नव्याने बांधलेली. ते काम बाल्दासारे लोंगेना या वास्तुविशारदाचं मानतात, ग्रँड कॅनॉलच्या तोंडाशी सांता मारिया देल्ला सालूते चर्च उभारणारा तोच. आत तोराचं कपाट एका टोकाला, वाचनाचा चौथरा दुसऱ्या टोकाला, आणि बाकं लांबीच्या बाजूने समोरासमोर. त्यामुळे मंडळी एकमेकांची तोंडं बघत बसतात, लग्नाला हे फार सोयीचं. वर बायकांचा लंबवर्तुळाकार सज्जा. वस्तीत सैनिकांचा पहारा असतो, म्हणून सगळ्या पाहुण्यांची नावं पासपोर्टप्रमाणे आधी द्यावी लागली.

व्हेनिसमध्ये गाडी नाही, पूल मात्र पावलोपावली. माझ्या आईला गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नाहीत. नकाशा घेऊन बसल्यावर कळलं की विमानतळावरून येणारी केशरी मार्गाची बोट थेट गुल्ये थांब्यावर सोडते, आणि तिथून स्कोलापर्यंत एकही पूल लागत नाही. हॉटेल त्याच हिशेबाने घेतलं. ज्यांनी सान मार्कोजवळ ‘व्ह्यू’ बघून खोल्या घेतल्या, ते शालू सावरत पूल चढत आले. फुलं आणि खुर्च्या बोटीने, पुढे हातगाडीने, आणि त्यांचा हमाल फुलांपेक्षा महाग.

लग्नात नवऱ्याकडच्या रीतीप्रमाणे भाचीने मुलाभोवती सात फेरे घेतले, आमच्या रीतीप्रमाणे पांढरी साडी नेसून आणि हातात हिरवा चुडा घालून. नवरी आत येताना आमच्याकडे नवरा हिब्रू गीत गातो, ते त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. काकांनी अश्दोदहून चाल रेकॉर्ड करून पाठवली होती आणि पोरगा ट्रेनमध्ये कानाला लावून घोकायचा. सूर थोडा पोलंडचा लागला, पण शब्द चुकला नाही. केतुबावर सही करायला दोन साक्षीदार लागतात, दोघंही वधू-वरांच्या नात्यातले नकोत आणि शब्बाथ पाळणारे हवेत. ही माणसं आधी ठरवा. ऐनवेळी सगळे नातेवाईकच उरतात.

लग्नानंतर सात दिवस रोज जेवणात सात आशीर्वाद म्हणायचे असतात. त्याला दहा पुरुष हवेत, आणि शब्बाथ सोडून रोज निदान एक तरी नवा पाहुणा, जो आधी हजर नव्हता. बुधवारी दहा होते, गुरुवारी सगळे विमानतळाकडे पळाले. गुरुवारी संध्याकाळी जावई आणि मी वस्तीतल्या चौकात उभे राहून टोपी घातलेला दिसेल त्याला विचारत होतो. न्यू जर्सीचे दोन भाऊ मिळाले, एक अर्जेंटिनाचा प्राध्यापक, आणि तो मशगियाह. प्राध्यापकांना नववधू मराठी बोलते याचंच अप्रूप वाटलं. त्यांनी भाचीकडून ‘जेवलात का?’ शिकून घेतलं आणि मग प्रत्येक वाढप्याला तेच विचारत राहिले. उरलेल्या दिवसांचं जेवण विहीणबाईंनी लंडनला केलं, मटणाचं.