पंजावर पळ!

"टाच टेकवू नकोस, पंजावर पळ!" आज सकाळी शिवाजी पार्कात कुणीतरी एका नवख्या पोराला ओरडून सांगत होतं. दिवसभर ते डोक्यातून जाईना.

एकदम पंजावर आलं की गुडघ्यावरचा भार पोटरी आणि टाचेमागच्या अकिलीस टेंडनवर (पोटरी टाचेला जोडणाऱ्या जाड दोरीवर) जातो. पोटऱ्या दगड होतात. टेंडन दुखावलं तर बरं व्हायला महिने लागतात, आणि मग पळणंच सुटतं.

खरी गडबड टाच टेकण्यात नाही, पाऊल शरीराच्या फार पुढे पडण्यात असते. अर्धा मिनिट फक्त उजवी पावलं मोजा, चारने गुणा, की मिनिटाला पडणारी दोन्ही पायांची पावलं कळतात. १६० आले तर मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक तालात टिकटिक करणारं ॲप) १६८ला, म्हणजे पाच टक्के जास्त, लावा आणि प्रत्येक टिकटिकीला एक पाऊल टाका. वेग मात्र तोच ठेवा. पाऊल आपोआप आखूड पडतं, गुडघ्याखाली येतं. सुरुवातीला एकेक मिनिटच, तेही सावकाश पळताना. दम जरा जास्त लागेल, लागू दे.

नवख्यांना हे आधी का सांगत नाहीत?