शिवणाच्या बाई आणि निळा हेअरबँड

गेल्या महिन्यात आमच्या तुकडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शाळेच्या महोत्सव समितीचं आमंत्रण आलं. खाली 'स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे' अशी ओळ होती, आणि त्याच रात्री मी लिहायला बसले. शाळेबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. ठाण्याच्या घंटाळी मैदानावरचे खो-खोचे सामने, गडकरी रंगायतनमधली स्नेहसंमेलनं, दहावीच्या वर्षी सकाळी लवकर भरणारे जादा तास. त्यावर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे बरेच जण आहेत. मी 1986 ला दहावी झाले आणि मला फक्त शिवणाच्या बाईंबद्दल लिहायचं आहे. आमच्या वेळच्या मुलामुलींना त्यांचं नाव सांगायची गरज नाही. शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं 'बाईंनी बोलावलंय' असा निरोप आला की पाय दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीकडेच वळायचे.

आठवीत असताना, 1983 च्या पावसाळ्यात, मला टायफॉइड झाला. ताप उतरला, मी शाळेत जाऊ लागले आणि दिवाळीच्या सुमारास केस गळायला लागले. अशा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस जातात आणि पुढे परत येतात, असं डॉक्टरांनी आईला समजावलं होतं. तेरा वर्षांच्या मुलीचं त्याने काय समाधान होणार! उशीवर केस, फणीत केस, मोरीत केस. शेवटी आईने ते कानाच्या वर कापून टाकले. आपल्या शाळेचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे : दोन वेण्या, वर दुमडून लाल रिबिनी. मला रिबीन बांधायला केसच उरले नव्हते. होते तेवढे कपाळावर यायचे आणि मधून टाळू दिसायची. मी डोक्याला आईचा रुमाल बांधून यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि मधल्या सुट्टीतही जागेवरून उठायचे नाही.

दुसऱ्या सत्रात कार्यानुभवाच्या तासाला क्रोशा, म्हणजे आकड्याच्या एका सुईने करायचं विणकाम, सुरू झाला. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब एवढे टाके झाल्यावर रिवाजाप्रमाणे थालपोस, म्हणजे ताटावर झाकायचा विणलेला रुमाल, यायचा. त्या दुपारी बाई वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "आज थालपोस नाही. आज हेअरबँड. डोक्याला बसायची वस्तू आहे, तेव्हा मापाला कुणाचं तरी डोकं लागणार." नजर सगळ्या बाकांवरून फिरली आणि माझ्यावर थांबली. "तू ये गं."

मी गेले. बाईंनी मला मशीनमागच्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः माझ्या आणि वर्गाच्या मध्ये उभ्या राहिल्या. त्यांच्या नऊवारीच्या पदराआड मला वर्ग दिसत नव्हता, वर्गाला मी दिसत नव्हते. रुमाल सोडला, टेप कानांच्या वरून मागे मानेपर्यंत फिरवली, मोठ्याने म्हणाल्या, "लिहा, घेर 21 इंच," आणि वळायच्या आधी रुमाल पुन्हा होता तसा बांधला. माझ्या केसांबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

मग फळ्यावर गणित आलं. घेर 21 असेल तर बँड 21 चा करायचा नाही, 19 चा करायचा, कारण विणलेली वस्तू ताणते. लोकर घ्यायची नाही. ठाण्याच्या हवेत लोकरीने घाम येतो आणि ती टोचते. जाड सुती दोरा दुहेरी घ्यायचा. पण सुताची एक खोड आहे, ते ताणलं की लोकरीसारखं परत जागेवर येत नाही, म्हणून मागच्या बाजूला इलॅस्टिकचा तुकडा. हे सगळं त्यांनी मुलींकडून काढून घेतलं. "लोकर का नको? सांगा." उत्तर आलं की पुढचा प्रश्न.

विणकाम आडवं होतं. बँडच्या रुंदीएवढी साखळी घालायची, 13 टाक्यांची. सुईजवळचा एक सोडून दुसऱ्यापासून मुके खांब, म्हणजे 12 होतात. ओळ संपली की एक साखळी, काम फिरवायचं, पुन्हा 12. गंमत दुसऱ्या ओळीपासून होती. प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर दोन धागे दिसतात, एक आपल्या बाजूचा आणि एक पलीकडचा. एरवी सुई दोन्हींखालून जाते. इथे ती फक्त पलीकडच्या धाग्यातून घालायची. आपल्या बाजूचा धागा मोकळा राहतो आणि ओळीओळीला उंचवटा उभा राहतो. मधे घडी, वर कड, पुन्हा घडी. पट्टी हातात धरून ओढली की सैल होते आणि सोडली की पुन्हा मिटते. बाईंनी चार ओळी विणून ती पट्टी सगळ्या बाकांवरून फिरवली. प्रत्येकीने ओढून बघितली.

बाईंची सुई स्टीलची होती. अंगठा टेकवायच्या चपट्या जागेवरचा नंबर पार झिजून गेलेला. टाका किती घट्ट हवा हे त्या कधी शब्दांत सांगत नसत. मुलीच्या हातावर आपला हात ठेवून दोन टाके घालायच्या, की तिला कळायचं. आणि मोजायला लावायच्या. दर ओळीला, मोठ्याने, 12 पर्यंत. शेवटचा टाका सुटला की पट्टी एका बाजूने निमुळती होत जाते आणि हे दहा ओळी गेल्यावर दिसतं, त्याआधी नाही. दुपारच्या सुट्टीनंतरच्या त्या वर्गातून चाळीस मुलींचा 'अकरा, बारा' ऐकू यायचा. खाली इतिहासाच्या सरांना त्रास व्हायचा म्हणतात.

नमुन्याचा बँड बाईंनी स्वतः पुरा केला. गडद निळा, आपल्या स्कर्टच्या रंगाचा. टोकांकडे टाके कमी करत पाचवर आणले, इलॅस्टिक जोडलं, आणि जोडाची बाजू बाहेर ठेवली. आम्ही विचारलं, शिवण आत नको का? त्यांनी बँड उलटा करून स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर घासला, मग सुलटा करून घासला, आणि मग तो आमच्या मनगटांवर. "जिथे कातडी नाजूक, तिथे गाठ नको. लोकांना दिसली तरी चालेल." दोऱ्याची टोकंसुद्धा नुसती कापायची नाहीत. सुईने बोटभर पुढे न्यायची आणि मग उलट मागे आणायची, म्हणजे धुण्यात सुटत नाहीत.

"हिच्या मापाचा आहे, दुसऱ्या कुणाला बसायचा नाही," एवढंच म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवसापासून मी रुमाल सोडला. रुंद पट्टीने कपाळावरची झालर मागे गेली, विरळ भाग झाकला गेला. आठवड्याभरात वर्गातल्या इतर मुलींचे बँडही पूर्ण झाले, आणि संध्याकाळी त्या तलावपाळीवर ते घालून फिरू लागल्या. कुणी मला काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

नियमाचं काय झालं, हे मला तेव्हा सुचलंच नाही. दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी शिपाईमामांनी सांगितलं. बँड विणायच्या आदल्या दिवशी बाई चार ओळींची निळी पट्टी घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या होत्या. "नियम केस नीट राहावेत म्हणून आहे. या मुलीचे केस यानेच नीट राहतील." सर पट्टीकडे बघून 'ठीक आहे' म्हणाले. म्हणजे माप घ्यायच्या आधी परवानगी घेतलेली होती. वर्गावरून फिरलेली ती नजर माझ्यावर येऊन थांबणार हेही ठरलेलं होतं. मी आज पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. इतकं शहाणपणाने केलेलं उपकाराचं काम मी त्यानंतर कुठेच पाहिलं नाही.

माझे वडील रेमंडमध्ये स्पिनिंगला होते. ठाण्याला 1925 पासून लोकरीची मिल, आणि आमच्या उथळसरच्या चाळीत घरटी एक तरी माणूस तिथे किंवा वागळे इस्टेटमध्ये. बाबांनी तो बँड दिव्याखाली धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. सूट-पँटच्या कापडाचं सूत बारीक आणि घट्ट पिळाचं, हातविणीचं जाड आणि सैल पिळाचं, हा फरक त्यांनी मला तेव्हा समजावला. मग म्हणाले, "हे मशीनवर होत नाही." खरंच होत नाही. दोन सुयांचं विणकाम करणारी यंत्रं आहेत, दुकानात क्रोशासारखी दिसणारी लेसही मिळते, पण खरा क्रोशा आजही हातानेच विणला जातो. मशीनवर जन्म काढलेल्या माणसाने हे म्हटलं, याचा मला त्या वयात फार अभिमान वाटला होता.

हात चालू असताना बाई गोष्टी सांगत. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्याचं पीक रोगाने गेलं, लोक उपाशी मरू लागले, तेव्हा तिथल्या बायका-मुलींनी क्रोशाच्या लेस विणून आणि विकून घरं तगवली. आंध्रात गोदावरीकाठच्या नरसापूरला मिशनऱ्यांनी ही कला आणली आणि तिथल्या बायकांनी ती आपलीशी केली. नरसापूरच्या लेसला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी वाचली आणि पहिला फोन बाईंना केला.

मी बँकेत नोकरी केली, स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि आता घोडबंदर रोडला घरीच क्रोशाचे वर्ग घेते. शिकायला येणाऱ्यांत कॉलेजच्या मुली आहेत, आजी आहेत, आयटीतला एक मुलगाही आहे. हल्लीच्या मुलींना पुढे पीळ असलेला बँड हवा असतो. पट्टीची दोन्ही टोकं दुमडून एकमेकांत अडकवायची आणि चारही पदर एकत्र शिवायचे, की आपोआप पीळ पडतो. मोठ्यांच्या डोक्याचा घेर साधारण 22 इंच धरते आणि बँड 20 चा. पट्टी तीच, पलीकडच्या धाग्यातली. माझ्याकडे शिकलेली एक परिचारिका आहे. केमोथेरपीत केस गेलेल्या बायकांसाठी ती आमच्याकडून मऊ सुती टोप्या आणि रुंद बँड घेऊन जाते. ते आम्ही विकत नाही. जोड बाहेरच्या बाजूला ठेवतो, आणि देण्यापूर्वी प्रत्येक बँड मनगटावर घासून बघतो.

मागच्या वर्षी शाळेत आले होते. नवी इमारत छान आहे. कोपऱ्यातली खोली आता संगणक कक्ष झाली आहे. मुलांना संगणक हवेतच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तिथलं बाईंचं कपाट कुठे गेलं हे कुणाला सांगता आलं नाही, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत लावून ठेवलेले ते दोरे, बटणं, सुया कुणी घरी नेल्या असतील तर बरं, नाहीतर भंगारात गेल्या असतील, या विचाराने मला फार वाईट वाटलं. जांभळी नाक्यावरचं आमचं लोकरीचं दुकानही उठलं. आता दोरा ऑनलाइन येतो, हात लावून बघता येत नाही.

बाई आता डोंबिवलीला मुलाकडे असतात. दृष्टी खूप अधू झाली आहे. गुरुपौर्णिमेला मी नवीन केलेलं काहीतरी नेते. त्या ते मांडीवर घेतात, बोटाने कड चाचपतात, ओठातल्या ओठात टाके मोजतात आणि मग मनगटावर घासतात. बरोबर असेल तर 'हं' म्हणतात. त्या 'हं'साठी मी वर्षभर वाट बघते.

समितीला एक विनंती केली आहे, ती इथेही लिहिते. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर एक तास मला द्यावा. आठवीच्या मुली आणि मुलगे, दोघेही. सुया आणि दोरा मी आणेन, फी नको. पहिली वस्तू हेअरबँड. मुलग्यांना तो नको असेल तर त्याच पट्टीचा आखूड तुकडा मनगटाला होतो, क्रिकेट खेळताना घाम टिपायला. खोली कुठलीही चालेल, फक्त खिडकीजवळ उजेड असावा.